धवल लॉनची जाहिरात दिसत काहून नाही

"मोठेबाबा बोलले की विषय संपला" — हेच म्हणून राह्यल्या न तुम्ही, इंदुआत्या? माहीत आहे मले. या घरच्या पोरीले पाटीवर अ-आ यायच्या आधी हा नियम येते. लॉन कोणाले द्यायचं अन् कोणाले नाही, हे बैठकीतले मोठे ठरवतील, पोरींनी त्याच्यात 'काहून' म्हणायचं नाही. नाही म्हटलं. एवढी मोठी झाली, एकदाही नाही म्हटलं. पण मग मले यवतमाळवरून बोलावलं कायले? "अर्पिता, तू त्या जाहिरातीच्याच कामात आहेस, आपलं गूगलवर पैसे भरून ठेवलं तरी लॉन कोणाले दिसत काहून नाही, ते येऊन पाहा" — कोण बोललं हे फोनवर? तुम्हीच न, मोठेबाबा. तं आता उत्तर ऐका. 'काहून' तुम्ही विचारलं, मी नाही.

नाही, कापसाचं नका सांगू. भाव नाही, बोंडअळीनं वावरं खाल्ली, म्हणून लोक लग्नंच करून नाही राह्यले — असं म्हणता न? अळीनं बोंडं खाल्ली, मोठेबाबा, पोट्ट्या-पोट्ट्यांची वयं नाही खाल्ली. लग्नं लहान झाली, बंद नाही झाली. मागच्या आठवड्यात राळेगावले गेलती मी, तिथल्या लॉनवर मांडव उतरत नाही तं दुसरा चढते. अन् आपल्या इथे? तुळशीचं लग्न लागून गेलं, स्टेजवर बकऱ्या बसतात. आता येताना मीच हाकलल्या.

पहिले तुमच्या सकाळच्या दर्शनाचं सांगते. बाबा, हसू नका, तुम्हीही त्याच्यात आहात. पूजा झाली की मोठेबाबा ओल्या गंधानं फोन घेऊन बसतात, हात लांब करून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर — अन् टाकतात, 'धवल लॉन घाटंजी'. आपलं नाव वर आलं की खुश. मान डोलवली, फोन खाली. मग बाबा तेच करतात. मग आत्या. एवढ्यानं भागलं नाही तं भावकीच्या ग्रुपवर फर्मान — सर्वांनी रोज आपली जाहिरात पाहावी, पण कोणीही बोट लावू नये, बोट लावले की पैसे कटतात. अन् सगळ्या भावकीनं खाली अंगठे पाठवले. काय झालं मग? अहो, गूगलची मशीन पाहून राह्यली न. आठवडी बाजारात एखाद्या बाईच्या वांग्यासमोर रोज गावभरचे लोक येऊन उभे राहिले, वाकून वाकून पाहिलं, अन् एकानंही हात न लावता चालले गेले, तं काय समजेल कोणी? वांगे किडके आहेत. मशीननं तेच समजलं. दाखवून उपयोग नाही, लोक पाहतात अन् जातात — तिनं दाखवणंच कमी केलं. तुमची जाहिरात तुम्हीच पाहून पाहून खाली नेली, अन् म्हणता लोकांची नजर लागली. अन् ज्याले 'धवल लॉन' नावच माहीत आहे, त्याले जाहिरात कायले पाहिजे हो? तो सरळ फाटकावरच येईन न.

दुसरं, पंचांग. जाहिरात लावणाऱ्या विक्कीनं दाखवलं मले. त्याच्यावर कायले डोळे वटारता, तो झेरॉक्सच्या दुकानातला पोट्टा, तो म्हणते काकाजीनं जसं सांगतलं तसं केलं. तुम्ही त्याच्यासमोर पंचांग ठेवलं — अमावस्येले जाहिरात बंद, पितृपक्षात बंद, रोज राहुकाळात बंद, अन् चातुर्मास तं अख्खाच बंद. शुभकार्याची जाहिरात अशुभ वेळेले कशी लावायची, नाही का? मी यवतमाळच्या ऑफिसात हे सांगतलं तं पोरी चहा सांडेपर्यंत हसल्या. माझ्या घरचं आहे हे नाही सांगतलं त्यांना — लाज आहे न मले. अहो, लग्न मुहूर्तावर लागते, लॉन काय कोणी मुहूर्त पाहून शोधते? लग्न ठरून साक्षगंध आटोपलं की नवरदेवाचा मामा जेवणाच्या पंगतीतच फोन काढते. दिवाळीनंतरच्या तारखा धराले लोक श्रावण-भादव्यातच जागा पाहतात. अन् श्रावण-भादव्यात आपलं दुकान देवाच्या नावानं बंद. पेरणीच्या वक्ताले कुलूप लावायचं अन् बोंडं फुटल्यावर बियाणं विकाले बसायचं — कास्तकाराच्या घरात जन्मून एवढंही नाही समजलं का?

"झालं तं मग, हे दोन दुरुस्त कर अन् मोकळी हो." — केले न, मोठेबाबा. सकाळीच केले, तुमचा चहा थंडा व्हायच्या आत. भावकीच्या ग्रुपवरही लिहून टाकलं, की दर्शन बंद करा. आता फोन घ्या हातात. घ्या न. टाका — 'विवाह हॉल घाटंजी'. हं. काय आलं? राळेगावचं आलं, पांढरकवड्याचं आलं. सरका खाली. अजून. आपलं कुठे आहे? नाही न? बरं, 'विवाह लॉन' टाका. नाही. आता 'लग्नाचा हॉल' टाका — पाहा, हे आलं. म्हणजे पैसे आहेत, जाहिरात जिवंत आहे, अन् 'विवाह' म्हटलं की मरते. काहून?

आठवते का, विक्कीले तुम्ही इथेच, याच खाटेवर बसवलं होतं. चिवडा दिला होता. अन् सांगतलं होतं, कोण कोण नको ते. बौद्ध विवाहवाले नको. जयंतीचा कार्यक्रम नको. जातीबाहेरचं नको. बाईचं दुसरं लग्न नको. तोंडावर नाही म्हणाची पाळी येऊ नये म्हणून त्यांना लॉन दिसूच द्यायचं नाही — काय सभ्यता आहे. पहिले तुम्हाले मेहनत तरी करा लागे. लॉनची वायरिंग करणारे धर्मपालकाका त्यांच्या पुतणीच्या लग्नासाठी विचाराले आलते, तं तारीख गेली म्हणून सांगतलं तुम्ही. कोणाले गेलती तारीख? त्या दिवशी लॉनवर तुमच्याच घरचे पापड वाळत होते, मी राखण बसली होती. ते फाटकातून आत पाहून गेले, मोठेबाबा. पापड पाहून गेले. मले 'काय बेटा, बरी आहे न' म्हणून गेले.

असो. तुम्ही म्हटलं तसं विक्कीनं टाकलं. त्यानं काय केलं, की एकेक शब्द सुटा सुटा टाकला. बौद्ध. जयंती. दुसरं. अन् विवाह. ज्या शोधात याच्यातला एकही शब्द असेल, त्याले धवल लॉन दाखवायचं नाही. आता ध्यानात आलं का? लग्नाच्या लॉनच्या फाटकावर तुम्ही पाटी लावली — विवाहवाल्यांनी आत येऊ नये. कुणबी असो, तेली असो, बंजारा असो, तुमच्याच साडूची पोरगी असो, विवाह म्हटलं की फाटक बंद. एका वस्तीले बाहेर ठेवाच्या नादात सगळा तालुका बाहेर ठेवला, अन् रोज सकाळी बंद फाटकाच्या आतून आपलीच पाटी वाचत बसले.

विक्कीचं डोकं नाही? विक्कीचं डोकं ठीक आहे. तुमच्या मनात कोण आहे अन् कोण नाही, ते मशीनले कसं समजणार? तिले वगळ म्हटलं, तिनं वगळलं. माणूस असता तं निदान एकदा विचारलं असतं, की काहून जी, धर्मपालनं याच लॉनची एकूण एक वायर ओढली, त्याच्या हातचे दिवे चालतात, मग त्याच्या घरचं लग्न काहून नाही चालत.

काय आत्या? मले कसं सापडलं? सांगतलं न, हेच काम आहे माझं. — नाही, बोलवायच्या आधीच माहीत होतं. तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी यवतमाळले माझ्या फोनवर 'बौद्ध विवाह, लॉन, घाटंजी' टाकलं, तं आपलं आलंच नाही, तेव्हाच डोक्यात आलं की काहीतरी — कायले टाकलं म्हणजे? मोनालीसाठी. माझी मैत्रीण न ती, होस्टेलमधली — हो, झालं तिचं लग्न. हो, मागच्याच उन्हाळ्यात. मुकुटबनले, त्यांच्याच अंगणात. मी गेलती, तुम्हीच फोटो पाहिले. तुमची आठवण नको तिथे लय पक्की असते, आत्या.

बरं. मोनालीसाठी नाही टाकलं.

असं पाहू नका, बाबा. मी काही आज सांगाले आलती असं नाही, मी जाहिरात दुरुस्त कराले आलती. पण निघालं तं निघालं. धर्मपालकाकाचा अश्वजित. यवतमाळले कॉलेजात शिकवते. तुम्ही ओळखता त्याले, लहानपणी वडिलांसोबत शिडी धराले यायचा, तुम्ही त्याले बाहेर ओट्यावर चहा द्यायचे. तो म्हणे, त्यांच्या विहारात लग्न करू, नाही तं यवतमाळले करू, कायले त्या लोकांच्या दारात जातेस. मीच म्हटलं, नाही, पहिले आपल्याच लॉनमध्ये विचारू. आता स्टेज आहे न, तिथे पहिले वावर होतं, मी सुट्टीत ओटी बांधून कापूस वेचला आहे, बोटं सोलेपर्यंत. मले वाटलं, माझं वावर आहे. शोधून तं पाहू. शोधलं, तं माझ्याच घरचं लॉन मलेच दिसलं नाही. इतकी हसली मी त्या दिवशी. हसलीच म्हणा.

काय म्हटलं, मोठेबाबा? पुन्हा म्हणा. "'विवाह' तेवढा काढ, बाकीचं राहू दे." — म्हणजे मी आता एवढं बोलली, त्यातलं तुम्हाले एवढंच ऐकू आलं. धंद्यापुरतं. 'विवाह' आत घे अन् 'बौद्ध' बाहेर ठेव. अश्वजितचं नाव तं तुम्ही घेतलंही नाही, जसं मी काही बोललीच नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, खरं आहे तुमचं. पण मी नाही करत. काढायचं तं सगळं काढीन. नाही तं एकही शब्द माझ्या हातानं हलणार नाही — बसू द्या बकऱ्या.

रागावू नका, मी काही अडवून नाही राह्यली. हा माझा फोन, वगळायच्या शब्दांची यादी उघडून ठेवली, तुमच्या मांडीजवळ. वर 'विवाह' आहे, खाली 'बौद्ध' आहे. जो काढायचा तो काढा, जो ठेवायचा तो ठेवा. पण विक्कीच्या हातानं नाही, माझ्या हातानं नाही. तुमच्या बोटानं, माझ्यासमोर. लावा. याचे पैसे नाही कटत.

चष्मा देऊ का? बाबा, तुम्ही लावता? तुम्ही तं सगळ्याले अंगठा देता. आत्या? — विझला पाहा फोन. थांबा, पुन्हा लावून देते. हं. दिसते न आता?

बोला न जी काहीतरी. मोठेबाबा बोलले की विषय संपते, म्हणे. तुम्ही तं बोलूनच नाही राह्यले.