नव्वद टक्के कल्पक

—नाही हो सर, बसा, बसा! दोंडाईच्याहून आलात, बाहेरचे परीक्षक, आणि भरीत न खाता जळगावातून जाल? विभागप्रमुख म्हणून माझी काय अब्रू राहील? अय वना, कळण्याच्या पुऱ्या लई ये रे! — शिपाई आणतोय, तोवर सह्या उरकू. प्रोजेक्ट कशाला उघडून बघताय? कॉलेजनं सॉफ्टवेअर घेतलंय ना, कल्पकता मोजायचं! वांगी तोलतात तसं — पोराचा प्रोग्रॅम टाकला की आकडा. बाकीच्यांपेक्षा वेगळं लिहिलं तो कल्पक, सगळ्यांशी जुळलं तो कॉपीवाला. संपलं! — हसताय? मीपण हसलो होतो. कल्पकता म्हणे! आमची पोरं स्वतःचा हजेरी नंबरसुद्धा शेजाऱ्याला विचारून लिहितात.

आता ही ममता बघा, सातपुड्याच्या पायथ्याची. मोहफुलं वेचणाऱ्या, तिच्या आजीसारख्या बायकांसाठी प्रोग्रॅम — कुणी किती वेचली, व्यापाऱ्यानं किती धरली. वाचता न येणाऱ्या बाईला बोलून सांगतो. चांगलाय हो, कोण नाही म्हणतंय? पण कल्पकता शून्य! अख्ख्या वर्गाकडे तोच; बाकीच्यांनी दोन-चार शब्द तरी बदलले, ते काठावर सुटले. शून्य म्हणजे नापास, म्हणजे पुण्याला लागलेली नोकरीपण गेली. सकाळपासून बाहेर बसलीय. 'सर, सगळ्यांनी माझंच घेतलं.' म्हटलं, मला काय सांगतेस? सॉफ्टवेअरला आधी कोण अन् नंतर कोण, ते कुठं कळतं? — काय? वर्गाकडे कसा गेला? मीच दिला की! नमुना म्हणून. पोरं अडून बसली होती, हिचा तयार होता — आता नमुन्यावरून नमुनाच उतरवतील हे मला काय माहीत — जाऊ द्या ते.

हा घ्या, हितेंद्र! नव्वद! माझा भाचा, पण म्हणून नाही सांगत. रंग बघा, मांडणी बघा, मोहाचं नावसुद्धा नाही — सगळी केळी! उघडा ना, खुशाल उघडा. आवाज वाढवा, बोलतोपण. हं — 'गुंता आजी, तुझी टोपली भरली.' टोपली? केळीला टोपली कुठली, घड असतो, हा मूर्ख — पुन्हा कशाला लावताय? हो, मुलीचा आवाज आहे. असेल कुणाचा तरी. लिहिलेलं बदललं त्यानं, आवाज राहिला असेल, पोरच ते. सॉफ्टवेअर काही ऐकत नाही हो, नुसतं वाचतं, म्हणून तर नव्वद — म्हणजे — तसं नाही — आवाज कमी करा सर, दार उघडं आहे, ती बाहेरच बसलीय. तिनं ऐकलं तर —

सर, तिला कशाला आत बोलावताय? सर, पेन खाली ठेवलंत — सह्या —

वना. पुऱ्या ऱ्हाऊ दे रे.