सूनबाईंच्या उपासाचं उद्यापन

नारायणगावच्या स्टँडवर गाडी काही लागत नव्हती. हर्षानं बिस्किटाचा पुडा फोडला, तोवर मागच्या बाकावरच्या दोघींचा सूर चढला.

"सरूबाई, तुमच्या सूनबाईंनी परवाच्या लग्नात पोळीला हातबी लावला न्हाई. उपास व्हता म्हणं?"

"कसला उपास, हिराबाई! तिला गहू सोसत न्हाई. एक घास गेला तरी पोट बिघडतंय."

"मंग उपास कशाला सांगितला?"

"आजार सांगितला की बाया म्हणत्यात, एका पोळीनं काय व्हतंय, आन ताटात टाकत्यात. उपास म्हणलं की वाढपी हात जोडून म्होरं जातोय."

"आन खाती काय?"

"घरी भाकरी, भात. भाईर भगर. सा म्हैन्यात अंग भरलं, तोंडावर तेज आलं."

"त्येच बघून आमच्या आळीतल्या अकरा जणींनी त्यो उपास धरलाय की! रविवारी उद्यापन हाय. सूनबाईंना मानाचं आवतान."

"अगं बाई! जेवायला काय?"

"पुरणपोळी. पयला घास सूनबाईंनीच घ्यायचा."

"रविवारी? त्यास्नी सांगा, रविवारी तिचा निर्जळी असतोय!"

"सांगते की. पर मंग त्या अकराबी निर्जळीच धरतील."

हर्षानं बिस्किटाच्या पुड्यावरचं 'गव्हाचं पीठ' वाचलं आणि पुडा हळूच पिशवीत टाकला.