इस्माईलचाचांनी गुरं माथ्यावर नेली

मंडळी, फातिमाचाची, आणि शेजारच्या वाडीवरून चालत आलेल्या सगळ्यांनो,

माईक हातात आला की मी थांबत नाही, हे तुम्ही मी सरपंच असताना पाच वर्षं सोसलंय. आज मात्र सुरुवात सुचत नाही. ज्या माणसाशी मी या गावात सगळ्यात जास्त भांडले, त्याच्याबद्दल बोलायचंय. पण मान खाली घालून बसू नका. चाचांना रडके चेहरे बघवत नसत. गुराचाही चेहरा पडलेला दिसला तर ते त्याला गूळ चारायचे.

इस्माईलचाचा गावची गुरं राखायचे. सकाळी दारोदारच्या गायी गोळा करायच्या, गायरानात न्यायच्या, दिवस मावळताना ज्याच्या त्याच्या दारात सोडायच्या. ज्यांना गुंठाभर जमीन नाही, त्यांच्याही पोरांना घरचं दूध मिळालं, ते या माणसामुळे.

आमचं भांडण झालं त्या वर्षी काय झालं होतं, आठवतंय ना? आपली गुरं दिवसभर ओढ्याकाठी बसून असायची. पाणी तिथंच, बाभळीची सावली तिथंच. काठावर गवताची काडी उरली नव्हती, माती ओढ्यात जात होती. आणि वर, डोंगराच्या माथ्यावर, गुडघाभर गवत उभ्या उभ्या वाळत होतं. मी ग्रामसभेत ठराव मांडला, गायरान गुरांना बंद. ठराव झाला असता तर कितीतरी घरांच्या गायी बाजारात गेल्या असत्या. हे मला कळत होतं. तरी मांडला.

चाचा मागून उठले. म्हणाले, "ताई, गाय काय येडी न्हाई. पानी खाली, सावली खाली, मग ती वर कशाला जाईल? तिला वर काहीतरी ठिवा की!"

मी म्हणाले, "चाचा, तुम्हाला गुरं हाकता येत नाहीत, ते सांगा."

सगळी सभा हसली. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "मला एक हंगाम द्या." आणि खाली बसले. ठराव तेवढ्या हंगामापुरता थांबला.

मग सुरू झाली विटेची गंमत! गोठ्यात टांगतो ती मिठाची चाटण वीट. चाचांनी ती खांद्यावर टाकली, माथ्यावर नेऊन ठेवली. गायी गेल्या, वीट मनसोक्त चाटली, तहानल्या आणि पळत पळत ओढ्यावर परत! मी रस्त्यात गाठून म्हटलं, "चाचा, तुम्ही तर त्यांना खाली यायला नवं कारण दिलंत."

"व्हय," म्हणाले, "चुकलंच माझं."

असं पटकन कबूल करणारा माणूस मी राजकारणात पाहिला नव्हता.

मग ते जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. विचारून आले. उसाची गोड मळी, कोंडा, पेंड आणि मीठ बेतानंच, अशी वीट घरी करायची. फातिमाचाचींनी तुपाच्या डब्यात दाबून दाबून विटा पाडल्या. चाची, महिनाभर तुमच्या घरात मुंग्यांचंच राज्य होतं, खरं ना? बघा, हसल्या!

चाचांनी आता सकाळी गुरांना आधी पोटभर पाणी पाजलं, मग वर हाकलं. पुढं कोणाला घातलं? माझ्याच चंद्रीला. गावातली सगळ्यात हावरी गाय. दावं धरून तिला विटेपर्यंत नेलं, एकदा जीभ लावू दिली. दुसऱ्या दिवशी चंद्री हाकण्याआधीच डोंगर चढली आणि मागून सगळा कळप. वीट चाटायची, चार पावलं चालून गवत खायचं, पुन्हा वीट. एका जागची जमीन उघडी पडू नये म्हणून चाचा दर तीन-चार दिवसांनी वीट उचलून पुढच्या उतारावर ठेवायचे.

एके दिवशी मला म्हणाले, "वर चला, बघा." मी धापा टाकत चढले. सगळा कळप माथ्यावर पसरला होता. मान वर करायलाही कोणाला सवड नव्हती. चाचांनी दगडावरची धूळ झटकली.

"बसा ताई. ठराव हितंच लिव्हा."

पुढच्या सभेत मी ठराव मागे घेतला. पावसाळ्यानंतर ओढ्याकाठी हिरवं दिसू लागलं. टाळ्या मलाच मिळाल्या, आणि मी त्या घेतल्या. पण भर सभेत त्यांना जे बोलले होते, त्याची माफी मागायची राहिली. रोज भेटायचे, रोज वाटायचं, उद्या बोलू. मंडळी, आज तुमच्यासमोर सांगते. चाचा, गुरं हाकता येत नाहीत असं मी म्हणाले, ते चूक होतं. त्या डोंगराची समज तुमच्याइतकी कोणालाच नव्हती.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात भेटायला गेले. आवाज उतरला होता. मला वाटलं, दुखणं सांगतील. तर विचारतात काय? "ताई, वीट पुढं सरकवली का कुनी?"

मी सांगितलं, "मी सरकवली, चाचा."

"कुठं?"

"टेकाडामागं."

मान हलवली आणि म्हणाले, "हां. जमतंय तुमाला."

सरपंच असताना मला पुष्कळ हार पडले. असं कौतुक एकदाच झालं.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू या. ज्याला दुआ येते त्यानं दुआ करावी, ज्याला हात जोडायचे त्यानं जोडावेत. गुरं घरी यायची वेळ झालीय. मधेच एखादी हंबरली तर तिला कोणी गप्प करू नका. तिचाही हक्क आहे.

चाचा, सलाम.