बोर्डावरचे मामा

भाची : नाही मॅडम, तेच तर सांगतेय, नोटीस माझ्या नावानं नाहीच. 'मामा शिडीवाले' असं लिहिलंय. म्हणजे माझा मामाच. त्याचं वय झालंय, पाठीच्या दुखण्यातून आत्ता कुठे हिंडाफिरायला लागलाय. त्याला कोर्टात उभं राहायला लागू नये, एवढं बघा.

वकीलबाई : आधी बसा. शिडी भाड्यानं कुणी दिली?

भाची : मी.

वकीलबाई : तपासली कुणी?

भाची : मीच. पायऱ्या सगळ्या ठोकून बघितल्या. पायाचं रबर झिजलं होतं, ते नजरेतून सुटलं. शिडी फरशीवर घसरली, रंगारी खाली आला, पाय मोडला त्याचा. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

वकीलबाई : दुकानाचा परवाना कुणाच्या नावावर?

भाची : माझ्या. बँकेतलं खातं, विमा, सगळं माझ्याच नावावर. हे बघा कागद. मामाची पाठ गेली तेव्हा त्यानंच रीतसर करून दिलं. बोर्ड तेवढा राहिला. लोक त्यावरच येतात हो. फोनवर कुणी 'मामा आहेत का' विचारलं, की मी 'बोलतेय' म्हणते.

वकीलबाई : आणि बिलावर सही?

भाची : 'मामा शिडीवाले'. दुकानाचीच सही लागते ना?

वकीलबाई : दुकानाला हात असतो का सही करायला?

भाची : मेले! म्हणजे इतके दिवस मी मामाची सही ठोकत होते? मीच अडकवलं की त्याला!

वकीलबाई : अहो, थांबा जरा, पुरतं ऐकून तर घ्या...

(दार ढकलून मामा आत येतो. काखेत फुगलेली कापडी पिशवी.)

मामा : बाई, हिचं काही ऐकू नका. नोटीस माझी आहे.

भाची : मामा! एवढे जिने चढून कशाला आलास? आणि ही पिशवी कसली?

मामा : दोन सदरे, टॉवेल, गोळ्या. तिथं काय मिळतं न मिळतं.

वकीलबाई : तिथं म्हणजे कुठं?

मामा : आत.

वकीलबाई : आजोबा, यात कुणी आतबित जात नाही. रंगाऱ्यानं नुकसानभरपाई मागितलीय, बस.

मामा : मग ती माझ्याकडनं घ्या. बोर्डावर मी आहे. शिडी मीच तपासली, असं लिहा. हिची पोर लहान आहे, हिला यात ओढू नका.

भाची : पाठ गेल्यापासून शिडीला हात तरी लावलायस का तू?

मामा : तू गप्प बस.

वकीलबाई : दोघंही गप्प बसा. बोर्डावर मामा लिहा नाहीतर महाराज लिहा, ते दुकानाचं हाक मारायचं नाव. गिऱ्हाइकासाठी ठीक आहे. पण जबाबदारीची वेळ आली की कायदा विचारतो, या नावामागचा माणूस कोण? परवान्यावर ज्याचं नाव, तो. रंगाऱ्याला बोर्डच माहीत, म्हणून त्यानं बोर्डाच्या नावानं नोटीस पाठवली. ती लागते यांना.

भाची : म्हणजे मामावर काहीच नाही?

वकीलबाई : काही नाही. सगळं तुमच्यावर.

भाची : माझ्यावर! हुश्श! देव पावला बाई.

वकीलबाई : हे ऐकून हुश्श करणारं अशील मी पहिल्यांदाच बघतेय.

भाची : अहो, चूक माझी आणि निस्तरणार हा, या विचारानं डोळ्याला डोळा लागत नव्हता.

मामा : पण बाई, एवढं हिनं भरायचं कुठून?

वकीलबाई : विमा कशाला उतरवलाय मग? त्यात यांच्या नावाखाली दुकानाचंही नाव आहे, मघाशीच बघितलं मी. उत्तरातही तसंच लिहिते, की या बाई 'मामा शिडीवाले' या नावानं धंदा करतात. विमा कंपनीला आजच कळवा. आणि यापुढे बिलावर स्वतःची सही, खाली दुकानाचं नाव.

मामा : आणि मी? कायद्याच्या लेखी मी कोण?

वकीलबाई : दुकानापुरते? कुणीच नाही.

मामा : बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, पण बरं जास्त वाटलं. पाणी मिळेल का जरा?

भाची : घे, माझ्या बाटलीतलं पी. मॅडम, बोर्ड उतरवावा लागेल?

वकीलबाई : मुळीच नाही.

मामा : आणि उतरवायला चढू नकोस. पडलीस तर स्वतःलाच नोटीस पाठवत बसशील.

भाची : मॅडम, रंगाऱ्याला भेटायला गेलं तर चालेल? दोनदा त्याच्या गल्लीपर्यंत जाऊन माघारी आले. दारात उभं राहून म्हणायचं काय? मामाच्या नावानं माफी मागायला जीभच रेटेना.

वकीलबाई : जा की. विचारपूस करा. फक्त कागदावर काही लिहून देऊ नका.

भाची : मग आत्ताच जाते. माझं नाव सांगते आणि आत जाते.

मामा : थांब, मीही येतो.

भाची : तू? आता तू कोण म्हणून येणार?

मामा : कोण म्हणून कशाला? सोबतीला येतोय.