फुटकं झाकण

सकाळी दुकान उघडताच एक शिक्षिका रांगेत उभ्या राहिल्या. पिशवीत विजेची किटली होती. पाण्याविना तापून त्यांच्याच हातून जळालेली. ‘आणली तेव्हापासूनच बिघडलेली’ हे वाक्य त्या घोकून आल्या होत्या. पुढे एक आजी दुकानदाराला मिक्सर परत करत होत्या.

“पावती, आजी?”

“हरवली. मोटर पहिल्यापासून रडतेय. झाकण मात्र मी फोडलं.”

“झाकणाचं मी विचारलं का?”

“विचारल्यावरच सांगायला मी काय चोर आहे?”

“बरं, हा घ्या नवा.”

“याचं झाकण ठेव तुझ्याकडे. माझं फुटकंच बसवीन.”

“अहो, असू द्या!”

“मोटर तुझी, झाकण माझं. येते रे.”

दुकानदार हसतच वळला.

“बोला बाई, काय परत करायचंय?”

शिक्षिकांनी पिशवीचं तोंड आवळलं.

“काही नाही. नवी किटली दाखवा.”