कुरडया गच्चीवर, म्हातारी वेंगुर्ल्याला

नाव : वत्सलाबाई खंडेराव काकड, वय ७१ वर्षे, धंदा : घरकाम, राहणार मखमलाबाद रोड, नाशिक.

मी समक्ष हजर राहून सांगते की, धंदा घरकाम हे हवालदार साहेबांनी मला न विचारताच लिहिले. मी जन्मभर बुधवारच्या बाजारात मेथी-कोथिंबीर विकली. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून घरी असते. एवढी दुरुस्ती व्हावी.

माझा मुलगा रविराज याने मी हरवल्याची तक्रार दिली आहे. वेंगुर्ल्याचे जयराम परब व त्यांची पत्नी मनीषा यांनी मला पळवून नेले, असा त्यात संशय घेतला आहे. मला कोणीही पळवलेले नाही. या वयात मला पळवून कोण काय करणार? जयराम मला स्वतःच्या गाडीने परत घेऊन आला आणि तुम्ही त्याला सकाळपासून बाहेर बाकावर बसवून ठेवले आहे. त्याच्यावर काही लावू नये, एवढ्यासाठी मी हा जबाब देत आहे.

हकीकत अशी की, गेल्या आठवड्यात मी कुरडयांसाठी गहू भिजत घातले होते. दुसऱ्याच दिवशी रविराज म्हणाला, घराला रंग द्यायचा आहे, तू उज्वलाकडे जा. उज्वला ही माझी मुलगी, मनमाडला असते. मी म्हटले, अरे, गव्हाचे पाणी रोज बदलावे लागते. सून तेजस्विनी म्हणाली, "आई, मी बदलते ना." मी पिशवी घेऊन गेले.

मनमाडहून मी सुनेला फोन केला. पाणी बदलले का, विचारले. ती "हो आई" म्हणाली, पण तिच्या मागे पाण्याचा मोठा आवाज येत होता, थांबेचना. मी म्हटले, अगं बाई, चार शेर गव्हाला एवढं पाणी? नळ चालू राहिलाय वाटतं. तिने फोन ठेवून दिला. मला चैन पडेना. सकाळची एसटी धरून मी नाशिकला आले.

दार एका अनोळखी बाईने उघडले. तिच्या हातात माझा झारा होता. "कोण हवंय?" असे तिने मलाच विचारले. मी म्हटले, "मी या घराची मालकीण. आपण कोण?" ती घाबरली. ती मनीषा. तिने मला बसवून पाणी दिले आणि सगळे सांगितले. हल्ली अशी कुटुंबे असतात म्हणे, सुट्टीत एकमेकांची घरे वापरतात. हॉटेलचा खर्च वाचतो. रविराज सहकुटुंब तिच्या घरी होता, ती आमच्या. रंगाचा डबा कुठेही नव्हता. तो पाण्याचा आवाज समुद्राचा होता.

माझा संताप संताप झाला. मी तडक गव्हाच्या पातेल्याकडे गेले. पाणी स्वच्छ होते. मनीषा म्हणाली, तुमच्या सुनेने फोनवर सांगितलं, मी रोज बदलते. तिथे माझा राग उतरला. परक्याच्या गव्हाचे पाणी बदलणारी बाई वाईट नसते.

दुसऱ्या दिवशी ते दोघे त्र्यंबकला निघाले होते. मी म्हटले, देव कुठे पळून जातोय, गहू आंबून जातील. चीक घोटायला दणकट हात लागतो. जयरामने घोटला, घामाघूम झाला. मनीषाने सोऱ्या दाबला, मी कुरडया पाडल्या. गरम चीक तूप-साखर घालून तिघांनी खाल्ला. गेली काही वर्षे हे सगळे मी एकटीच करते. तेजस्विनी म्हणते, विकत मिळतात की.

त्यांचा निघायचा दिवस आला तेव्हा जयराम म्हणाला, "आजये, गाडयेत जागा आसा, येतास काय?" मी हो म्हटले. रविराज त्याच दिवशी तिकडून निघणार, हे मला माहीत होते. मुद्दाम गेले, आणि त्याला कळवू नका असे परबांनाही बजावले. घर देताना त्याने मला विचारले नाही, घर सोडताना मी त्याला विचारले नाही. फिटंफाट.

किल्ली शेजारच्या मंगलाबाईंकडे दिली व कुरडयांवर लक्ष ठेवा म्हटले. कुठे जाते हे सांगितले नाही, त्यांनी रविराजची गोष्ट गावभर केली असती. गच्चीवर वाऱ्याने कुरडयांवरची साडी उडत होती, म्हणून एका कोपऱ्यावर पाटा ठेवला, दुसऱ्या कोपऱ्यावर मोबाईल. तो तिथेच राहिला. रविराजने घरी येऊन फोन लावला तर गच्चीवर साडीखाली वाजला, आणि आईचा पत्ता नाही. बिचाऱ्याची पाचावर धारण बसली असेल. त्याचे मला वाईट वाटते, पण फार नाही.

वेंगुर्ल्यात मी समुद्र पहिल्यांदा पाहिला. लाट मागे जाते तेव्हा पायाखालची वाळू सरकते, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी मनीषाचा हात धरून रडले. हवालदार साहेब विचारतात, हे लिहायचे का. लिहा.

जयरामच्या मोबाईलवर आपला फोन आला तेव्हा मी सोलकढी पीत होते.

रविराज आता शेजारीच बसला आहे. मला का सांगितले नाहीस, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "तू परक्या माणसाला स्वयंपाकघरात पाय ठेवू दिला नसतास." हे खरे आहे. दर सुट्टीत घराला कोणीतरी पाहिजे म्हणून मी मागे राहते, हेही खरे आहे. मग तो म्हणाला, "आई, समुद्र बघायचा होता तर बोलायचं ना. मी नेलं नसतं का? पुढच्या सुट्टीत तूच पहिली गाडीत बस." साहेब, हे तो आपल्यासमोर बोलला आहे. शब्द न शब्द लिहून घ्यावा.

परब पती-पत्नींविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. कुरडया वाळल्या की अर्ध्या त्यांना जातील.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. रविराजचे बोलणे मी दोनदा वाचायला लावले. जबाबाखाली माझी सही आहे, आणि पुढच्या सुट्टीच्या त्या ओळीपुढे त्याची घेतली आहे.