मनाली वायू झाली

अहो हरवली नाही, हरवली नाही — बसा ना ताई, पाणी घ्या — सातवी ब सगळी परत आली, तुमची मनाली तेवढी यायचीय, शिपाई रंगनाथकाका गेलेत सायकलवर तिच्या मागे. मी हसतेय? सॉरी हो, आवरतच नाहीये. म्हणजे झालं असं — उष्णतेचा धडा. फळ्यावर टिंबं काढून किती समजावणार? म्हटलं चला मैदानात, तुम्हीच व्हा कण! आधी स्थायू — ओळीत, एकमेकांचे हात धरून, जागच्या जागी थरथरायचं. मग मी टाळ्या वाजवणार. टाळ्या जोरात, म्हणजे उष्णता दिली, म्हणजे थरथर वाढली. अजून जोरात — हात सुटले, द्रव झाला, एकमेकांना घसटत निघाले. तापमान म्हणजे तरी काय शेवटी? कणांची धावपळ सरासरी किती, एवढंच की! आणि मग — वायू! सुसाट! भिंतीला आपटून परत फिरायचं असं ठरलं होतं, पण फाटक उघडं आहे हे कुणाच्या लक्षात — तर वायू गेला थेट पंचवटीच्या भाजीबाजारात. मेथीच्या जुड्यांवरून!

शांत पोर आहे म्हणता तुम्ही. सिन्नरहून आल्यापासून बाकावरून हलत नाही, कुणाशी बोलत नाही — म्हणून आज शाळेतून दाखला काढून तिला परत सिन्नरला आजीकडे ठेवायचं, माहितीये मला. पण ताई, बर्फातले कणसुद्धा थांबलेले नसतात हो. थरथरत असतात, आपल्याला दिसत नाही. स्थायू करताना मी तिचा हात धरला ना — केवढी थरथरत होती! टाळ्या सुरूही झाल्या नव्हत्या. आणि मग सुटली. फाटकातून पहिली तीच गेली — मी बघितलं — बघितलं म्हणजे — थांबवलं नाही मी. टाळ्या अजून जोरात वाजवल्या. एवढं हेडसरांना सांगू नका.

ती बघा! काकांची सायकल मागे आणि ही पुढे! काय गं? काय म्हणतेस? — ऐकलंत? 'बाई, परत एकदा' म्हणतेय! बोलली! अहो, तुम्ही रडू नका, नाहीतर मी पण — नाही, दाखला नाही मिळणार. ऑफिसची चावी माझ्याकडे आहे आणि मी देणार नाही. जा आता घरी. रिक्षा नका करू — मनाली बघा, निघालीसुद्धा — पळा ताई, पळा!